स्वभाव, मद्य आणि मोहाचा क्षण

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



एखाद्या घरांतील तरुण मुलाचें पाऊल वांकडें पडलें, म्हणजे त्याच्याविषयीं तीन निकाल ताबडतोब दिले जातात. घरांतील वडील माणसें म्हणतात, "मूळचा स्वभावच तसा, जित्याची खोड मेल्याशिवाय जावयाची नाहीं." आई म्हणते, "पोर गुणाचें होतें, त्या दारूनें घात केला." शेजारी म्हणतात, "संगत भोंवली, दुसरें काय!" हे तीनहि निकाल पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. मौज अशी कीं, तीनहि निकाल अर्धेमुर्धे खरे आहेत, आणि तिहींपैकीं कोणताहि पत्करला तरी कोणाला कांहीं करावयाचें म्हणून उरत नाहीं. स्वभाव म्हटला तर इलाज नाहीं, दारू म्हटली तर मुलाकडे दोष नाहीं, आणि संगत म्हटली तर दोष दुसऱ्याच्या मुलाचा!

आजचा विषय या तीन निकालांची तपासणी करण्याचा आहे. पाऊल वांकडें पडणें हा शब्दप्रयोग घरोघर होतो, परंतु त्याचा अर्थ कोणी उघड करीत नाहीं. येथें तो उघड केला पाहिजे. ज्या शरीरसंबंधांत गुप्तरोगाचा, एच्. आय्. व्ही.च्या संसर्गाचा किंवा नको असलेल्या गर्भधारणेचा धोका आहे, आणि तो धोका टाळण्याचें साधन माहीत असूनहि वापरलें जात नाहीं, अशा संबंधाविषयीं हा विचार आहे. अज्ञानानें घडणाऱ्या चुकीवर ज्ञान हा उपाय आहे. पण ज्याला सर्व कांहीं माहीत आहे, ज्यानें पुस्तकें वाचलीं आहेत, ज्याच्या खिशांत निरोध घेण्यापुरते पैसेहि आहेत, तो ऐन वेळीं सारें विसरतो कसा? शिकलेल्या घरांना विचार करावयास लावणारा प्रश्न हाच आहे.

या प्रश्नाचा अत्यंत चिकाटीनें घेतलेला एक शोध न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डुनेडिन या शहरांत झाला. तेथील क्वीन मेरी प्रसूतिगृहांत १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या वर्षांत जन्मलेल्या मुलांपैकीं १०३७ मुलें त्यांच्या वयाच्या तिसऱ्या वर्षीं अभ्यासासाठीं निवडण्यांत आलीं. फिल सिल्व्हा यांनीं या कार्याचा पाया घातला. पुढें पांचव्या, सातव्या, नवव्या, अकराव्या, तेराव्या, पंधराव्या, अठराव्या, एकविसाव्या आणि त्यानंतरच्याहि ठराविक वर्षीं या मुलांना पुनःपुन्हा बोलावून त्यांची प्रकृति, बुद्धि, स्वभाव आणि वर्तन यांची नोंद घेण्यांत आली. हीं मुलें पंचेचाळीस वर्षांचीं झालीं, तेव्हांहि जे हयात होते त्यांतले शेंकडा ९० हून अधिक लोक तपासणीस हजर राहिले. शाळामास्तराला एक मूल फार तर सहा-सात वर्षें दिसतें; पुढें तें कोठें गेलें, याचा पत्ता त्याला क्वचितच लागतो. डुनेडिनच्या संशोधकांना तींच मुलें बाळपणापासून केंस पिकूं लागेपर्यंत दिसलीं. या अभ्यासाची थोरवी यांत आहे.

तिसऱ्या वर्षीं प्रत्येक मुलाला एका अपरिचित परीक्षकासमोर सुमारें दीड तास बसवून लहानसहान कामें देण्यांत आलीं, आणि त्याच्या वागण्याचें टिपण ठेवण्यांत आलें. त्या टिपणांवरून पुढें मुलांचे पांच गट पडले. शेंकडा ४० मुलें प्रसंगाप्रमाणें वागणारीं, समतोल अशीं होतीं. शेंकडा २८ धिटाईनें नव्या गोष्टीस हात घालणारीं, शेंकडा १५ थोडीं बुजरीं, आणि शेंकडा ८ अगदीं भित्रीं. उरलेलीं शेंकडा १० मुलें अशीं होतीं कीं, त्यांना एका जागीं स्वस्थता नव्हती, हातांतलें काम अर्ध्यावर टाकून तीं दुसऱ्याकडे धांवत, आणि मनासारखें झालें नाहीं कीं लगेच चिडत. त्यांना 'आवर न राहणारीं' असें नांव देण्यांत आलें.

पुढें हीं मुलें अठरा वर्षांचीं झाल्यावर त्यांच्या स्वभावाची सविस्तर प्रश्नावलीनें पाहणी झाली, आणि एकविसाव्या वर्षीं चार धोकादायक वर्तनांची चौकशी करण्यांत आली: मद्याच्या आहारीं जाणें, हिंसक गुन्हा करणें, बेफामपणें गाडी हांकणें, आणि अनेकांशीं निरोधाशिवाय शरीरसंबंध ठेवणें. अव्हशालोम कॅस्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ मध्यें याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हीं चार वर्तनें वरवर पाहतां भिन्न आहेत. परंतु त्यांच्यामागें स्वभावाची ठेवण जवळजवळ एकच निघाली. रूढ मर्यादांचें फारसें महत्त्व न वाटणें, धोक्याचें भय कमी असणें, मनावर ताबा कमी असणें, माणसांशीं जिव्हाळा कमी आणि आक्रमकपणा अधिक असणें, अशी ती ठेवण होती. तिचें मूळ शोधूं जातां तें तिसऱ्या वर्षांतल्या त्या अस्वस्थ मुलांपर्यंत जाऊन पोंचलें.

एवढें ऐकून वडील मंडळी म्हणतील, "पाहा, आमचें म्हणणें खरें ठरलें! खोड मूळचीच." परंतु थोडा धीर धरला पाहिजे. अशा पाहणींतून निघतें तें अनेकांच्या समूहाविषयींचें प्रमाण असतें. एका मुलाचें भविष्य त्यांत लिहिलेलें नसतें. आवर न राहणाऱ्या मुलांत पुढें धोकादायक वर्तन करणारांचें प्रमाण इतरांहून अधिक निघालें, म्हणजे त्यांतलें प्रत्येक मूल बिघडलें असा अर्थ होत नाहीं. शिवाय ज्याला दोष म्हणून हिणवावयाचें, तोच स्वभाव दुसऱ्या ठिकाणीं गुण ठरतो. मार्व्हिन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९६४ मध्यें या वृत्तीचें मोजमाप करणारी एक प्रश्नावली तयार केली. पुढें त्यांनीं या वृत्तीचे चार घटक सांगितले: साहसाची आवड, नवनवीन अनुभवांची ओढ, निर्बंध झुगारण्याकडे कल, आणि कंटाळा सहन न होणें. दऱ्याखोऱ्यांत चढणारा गिर्यारोहक आणि आगींत उडी घेणारा बंबवाला यांच्यापाशींहि या वृत्तीचा कांहीं अंश असावा लागतो. घोडा उमदा आहे म्हणून त्याला कोणी गोळी घालीत नाहीं. त्याला लगाम घालून शिकवावें लागतें.

शिवाय व्यसनाकडे जाणारी वाट केवळ धाडसी माणसाचीच नाहीं. दुसरी एक वाट खिन्न माणसाची आहे. एक मनुष्य मौज वाढावी म्हणून पितो, तर दुसरा दुःख विसरावें म्हणून पितो. लीन कूपर या विदुषींनीं मद्यपानामागील हेतूंचा अभ्यास करून हा भेद स्पष्ट दाखविला आहे. एकटेपणा, अपयश, किंवा आपण कोणालाहि नको आहोत ही भावना ज्याला खाते, त्याला प्याल्यांत जो विसर मिळतो, तोच कधीं परक्याच्या मिठींतहि मिळतो. अशा मुलाला 'उनाड' म्हणून झोडपणें म्हणजे तापानें फणफणलेल्याला थंडीच्या दिवसांत बाहेर उभें करण्यासारखें आहे. त्याच्या बाहेरच्या वर्तनावर उपाय करण्यापूर्वीं त्याच्या आंतल्या खिन्नतेची विचारपूस झाली पाहिजे.

हा स्वभावाचा भाग झाला. आतां मद्याचा भाग पाहूं. मद्य मनुष्याला निराळा मनुष्य बनवितें, अशी समजूत आहे. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनीं १९९० मध्यें मांडलेली उपपत्ति मात्र निराळी आहे. त्यांच्या मतें मद्य मनुष्याची दृष्टि आंखूड करतें. जवळचें त्याला ठळक दिसतें, दूरचें अंधुक होतें. शुद्धींत असलेल्या मनुष्यापुढें मोहाच्या क्षणीं दोन गोष्टी एकाच वेळीं उभ्या असतात: समोरचें सुख आणि उद्यांचा परिणाम. दोहोंची ओढाताण होते आणि त्या ओढाताणींतून विवेक जन्मतो. मद्यानें ही ओढाताणच मंदावते. समोरचें माणूस, त्याचा स्पर्श, खोलींतला एकांत हें सारें जवळचें असतें. रोग, गर्भ, लोकलज्जा आणि पश्चात्ताप हें सारें दूरचें. दूरचें धूसर झालें कीं निर्णय एकतर्फी होतो. मनुष्याचें ज्ञान नाहींसें झालेलें नसतें; तें त्या क्षणापुरतें नजरेआड झालेलें असतें.

या उपपत्तीची परीक्षा प्रयोगांनीं झाली. कॅनडांत टॅरा मॅक्डोनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विद्यार्थ्यांना एक छोटा चित्रपट दाखविला. त्यांत तरुण-तरुणींची एकांतांत गांठ पडते आणि निरोध जवळ नसतो. तुम्हीं अशा वेळीं काय कराल, असें विचारल्यावर मद्य घेतलेल्या विद्यार्थ्यांनीं शुद्धींतल्या विद्यार्थ्यांपेक्षां 'पुढें जाऊं' असें उत्तर अधिक प्रमाणांत दिलें. निरनिराळ्या ठिकाणीं झालेल्या अशा १२ प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. रक्तांतील मद्याचें प्रमाण दर मिलिलिटरमागें ०.१ मिलिग्रॅमनें वाढलें, कीं निरोधाशिवाय संबंध ठेवण्याची तयारी सुमारें ५ टक्क्यांनीं वाढते, असें त्यांत आढळलें. प्रयोगांत मद्य कोणाला द्यावयाचें हें संशोधक ठरवितात. पिणाराचा स्वभाव तेथें निवड करीत नाहीं. म्हणून हा परिणाम मद्याचाच, असें म्हणण्यास आधार मिळतो.

याहूनहि उद्बोधक असा मॅक्डोनल्ड यांचाच एक प्रयोग २००० मध्यें प्रसिद्ध झाला. एका मद्यगृहांत येणाऱ्या लोकांच्या हातावर शिक्के मारण्यांत आले. कोणाच्या हातावर हंसऱ्या चेहऱ्याचा शिक्का, तर कोणाच्या हातावर एड्स मारक आहे अशा अर्थाच्या ठळक शब्दांचा. हंसऱ्या चेहऱ्याचा शिक्का असलेले लोक प्याल्यावर बेफिकीर झाले. परंतु ज्यांच्या हातावर भयसूचक शब्द होते, ते प्याल्यावर शुद्धींतल्या लोकांहूनहि अधिक सावध उत्तरें देऊं लागले! कारण उघड आहे. आंखूड झालेल्या दृष्टीला जें जवळ असेल तेंच दिसतें. आणि यांच्या अगदीं जवळ, हातावरच, धोक्याची खूण होती. प्यालेल्या मनुष्याला दूरचा उपदेश आठवत नाहीं. त्याच्या डोळ्यांसमोर जें ठेवलें असेल त्यावरच तो चालतो.

मद्याचा आणखी एक भाग बाटलींत नसून डोक्यांत असतो. १९७६ मध्यें विल्सन आणि लॉसन या दोघांनीं कांहीं पुरुषांना पेय दिलें. कित्येकांना मद्य आहे असें सांगून साधें पेय दिलें, आणि कित्येकांना साधें आहे असें सांगून मद्य दिलें. कामोत्तेजना अधिक दिसली ती आपण मद्य घेतलें आहे असें ज्यांना वाटत होतें त्यांच्यांत. मग पेल्यांत मद्य असो वा नसो. याचा अर्थ असा कीं, 'प्याल्यावर मनुष्य असाच वागतो' ही समजूतच मनुष्याला तसें वागण्याचा परवाना देते. समाजानें ही सबब आधींच तयार करून ठेवलेली असते, आणि तरुण मुलगा तिचा उपयोग करतो. "मी शुद्धींत नव्हतों" हें वाक्य पुष्कळदां पहिला पेला ओठांस लागण्यापूर्वींच मनांत शिजलेलें असतें.

येथें एका महत्त्वाच्या गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. नशेंत असलेल्या स्त्रीच्या बाबतींत समाज हीच सबब उलटी फिरवितो. पुरुष प्यालेला असला तर तो शुद्धींत नव्हता म्हणून त्याला क्षमा, आणि स्त्री प्यालेली असली तर तिनें ओढवून घेतलें म्हणून तिला दोष. हा न्याय नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें ६३ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, नशेमुळें आपण कशाला होकार देत आहोत हें जिला समजत नाहीं, तिचा होकार हा होकारच नव्हे. हा नियम मुलींच्या कानांवर जितका पडला पाहिजे, त्याहून अधिक तो मुलांच्या कानांवर पडला पाहिजे.

आतां आईचा निकालहि थोडा तपासावा लागेल. सारा दोष दारूचा, असें म्हणतां येईल काय? प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष आयुष्यांत, चित्र इतकें सरळ नाहीं. जो मनुष्य अधिक पितो तो अनेकांशीं संबंधहि अधिक ठेवतो, हें पुष्कळ पाहण्यांत दिसतें. परंतु दोहोंच्या मुळाशीं तोच साहसी, अधीर स्वभाव असूं शकतो. एखाद्याच्या पायांत चिखल आणि हातांत छत्री दिसली, म्हणून छत्रीनें चिखल केला असें होत नाहीं. दोहोंचें कारण पाऊस असतो. २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दोन परीक्षणांनीं हा गुंता सोडविला. कूपर यांना असें आढळलें कीं, संबंध ठेवावा कीं नाहीं आणि कोणाशीं ठेवावा या निर्णयांवर मद्याचा परिणाम ठळक असतो. निरोध वापरावा कीं नाहीं यावर तो एकसारखा दिसत नाहीं. बार्बरा ली यांनीं एकेका प्रसंगाचा हिशेब घेतला, तेव्हां मद्यामुळें निरोधाचा वापर कमी झालेला दिसला तो मुख्यतः आयुष्यांतील पहिल्या संबंधाच्या वेळीं. ज्याची संवय अद्याप पडलेली नाहीं, तोच सर्वांत दुबळा ठरतो. संवय झालेली सावधगिरी मद्यानेंहि सहसा सुटत नाहीं. घरच्या माणसांना या निष्कर्षांतून पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

आणि शेजाऱ्यांचा संगतीचा निकाल? त्यांतहि तथ्य आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनीं २००५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत तरुणांना संगणकावर गाडी चालविण्याचा खेळ खेळावयास दिला. एकटे असतांना किशोरवयाचीं मुलें प्रौढांहून फार बेफाम वागलीं नाहींत. पण मित्र बाजूस उभे राहून पाहूं लागले, कीं त्यांचें धाडस एकदम वाढलें. चोवीस वर्षांपलीकडील लोकांवर मित्रांच्या हजेरीचा तसा परिणाम दिसला नाहीं. तेव्हां संगत बिघडविते ती मित्र वाईट असतात म्हणूनच असें नाहीं. त्या वयांत मित्रांचें नुसतें पाहणें हीच एक नशा असते, आणि सालस मुलांच्या टोळक्यालाहि ती चढते.

आतां पुनः 'जित्याची खोड' या म्हणीकडे वळूं. डुनेडिनच्याच अभ्यासानें या म्हणीला दोन ठिकाणीं धक्का दिला आहे. कँडिस ऑजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ मध्यें एक प्रश्न विचारला: पंधरा वर्षांपूर्वींच मद्य किंवा इतर अमली पदार्थ ज्यांनीं घेतले, तीं मुलें आधींपासूनच उनाड होतीं काय? उत्तर असें निघालें कीं, त्यांतल्या सुमारें निम्म्या मुलांच्या वर्तनांत पूर्वीं कांहींहि दोष नव्हता. तीं सरळ घरचीं सरळ मुलें होतीं. तरीहि पुढें व्यसनाधीनता, हर्पीज या गुप्तरोगाचा संसर्ग, अकालीं गर्भधारणा आणि गुन्हेगारी यांचा धोका त्यांच्याहि बाबतींत वाढला. म्हणजे लवकर लागलेली नशा ही चांगल्या स्वभावालाहि सोडीत नाहीं. "आमचा मुलगा तसा नाहीं," या भरंवशावर निजलेल्या घरांनीं हें ध्यानांत धरावें.

दुसरा धक्का आशेचा आहे. टेरी मॉफिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ मध्यें असें दाखविलें कीं, तिसऱ्यापासून अकराव्या वर्षापर्यंत दिसलेला आत्मसंयम आणि बत्तिसाव्या वर्षींचें आरोग्य, सांपत्तिक स्थिति व वर्तन यांचा संबंध पायरीपायरीनें चालतो. संयम एक पायरी वाढला, कीं परिणामहि त्या मानानें सुधारतो. वर किंवा खालीं कोठेंहि त्याला खंड नाहीं. ज्यांचा संयम लहानपणीं कमी होता, त्यांतलीं पुष्कळ मुलें किशोरवयांत तीन सांपळ्यांत अडकलीं: पंधराव्या वर्षापर्यंत धूम्रपान, शाळा अर्धवट सोडणें, आणि नकळत पदरीं पडलेलें मूल. पुढच्या नुकसानीचा बराच भाग या सांपळ्यांमुळें झाला होता. आणि ज्यांचा संयम वयाबरोबर वाढला, त्यांचे परिणामहि अपेक्षेहून चांगले निघाले. खोड म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हें यावरून सिद्ध होतें.

मग घरानें आणि शाळेनें करावें काय? पहिली गोष्ट, पहिला पेला जितका लांबेल तितका लांबवावा. पंधराव्या वर्षीं घेतलेला घोट आणि पंचविसाव्या वर्षीं घेतलेला घोट यांत केवळ दहा वर्षांचा फरक नसतो. विचार करणाऱ्या मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चाललेली असते, आणि तो घोट त्या अपुऱ्या इमारतींत शिरत असतो. सणासमारंभांत मुलाच्या हातीं कौतुकानें पेला देणारे काका-मामा यापुढें थोडे थांबतील, तर बरें.

दुसरी गोष्ट, निर्णय मोहाच्या क्षणावर सोंपवूं नये. त्या क्षणीं उपदेश दिसत नाहीं, जवळचें साधन दिसतें. म्हणून कोणाबरोबर जावयाचें, घरीं परत कसें यावयाचें, आपल्यापाशीं काय ठेवावयाचें, सोबतीच्या मित्रानें केव्हां हात धरून बाहेर काढावयाचें, हें सारें शुद्धींत असतांना आधीं ठरलें पाहिजे. निरोध जवळ बाळगणें म्हणजे पापाची तयारी, असें कित्येकांना वाटतें. घरांत पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या म्हणून कोणी आग लावण्यास प्रवृत्त होत नाहीं. सत्पुरुषालाहि ज्या घडीचा भरंवसा देतां येत नाहीं, त्या घडीची तरतूद अगोदर करणें हाच शहाणपणा आहे.

तिसरी गोष्ट, एकच उपदेश सर्व मुलांना लागू पडत नाहीं. धाडसी मुलाला भीति दाखविली तर ती त्याला आमंत्रणासारखी वाटते. खिन्न मुलाला भीति दाखविली तर तो अधिकच खचतो. लंडनच्या माध्यमिक शाळांत पॅट्रिशिया कॉनरॉड यांनीं या तत्त्वावर एक उपक्रम केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्यें प्रसिद्ध झाले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची स्वभावाप्रमाणें निवड करून, साहसप्रिय, उतावीळ, चिंताग्रस्त आणि निराश अशा चार प्रकारांना निरनिराळीं प्रत्येकीं दोन सत्रें देण्यांत आलीं. प्रत्येक सत्र दीड तासांचें, आणि शिकविणारे त्या त्या शाळेंतलेच तयार केलेले शिक्षक. एवढ्या अल्प खर्चाच्या उपायानें पुढचीं दोन वर्षें त्या मुलांचें मद्यपान कमी राहिलें. आणि त्याच शाळांतल्या, सत्रांना न बसलेल्या मुलांवरहि त्याचा चांगला परिणाम झाला. मुलाला त्याचा स्वभाव वाईट आहे असें सांगण्याऐवजीं तो कसा आहे हें समजावून दिलें, तर त्याच्या हातीं लगाम येतो.

चौथी गोष्ट बोलण्याची. मराठी घरांत या विषयावर बोलणें अशक्य आहे, असें कोणी म्हणूं नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्यें निधन पावेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना न्यायालयांत उभें राहावें लागलें, तरी त्यांनीं मराठींतच, साध्या व स्पष्ट शब्दांत, हा विषय मांडण्याचें सोडलें नाहीं. भाषेपाशीं शब्द आहेत. वाण आहे ती धैर्याची. जो बाप मुलाच्या गणिताच्या गुणांची चौकशी करतो, त्यानें एकदां याहि विषयाची चौकशी शांतपणें करावी. आईनें मुलीशीं बोलावें, आणि मुलाशींहि बोलावें.

शेवटची गोष्ट, चूक घडून गेल्यानंतरची. कित्येक घरांत ती कळतांच प्रथम आरडाओरड होते, आणि तींत मोलाचे तास फुकट जातात. एच्. आय्. व्ही.चा संसर्ग टाळणारें औषध संबंधानंतर ७२ तासांच्या आंत सुरू करावें लागतें. जितकें लवकर तितकें चांगलें. आणि पुढें तें २८ दिवस घ्यावें लागतें. नको असलेला गर्भ टाळणाऱ्या तांतडीच्या गोळीचाहि उपयोग पहिल्या तीन दिवसांतच, आणि लवकर घेतल्यासच, अधिक होतो. सरकारी रुग्णालयांतून एच्. आय्. व्ही.ची चाचणी व समुपदेशन विनामूल्य मिळतें. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य माहिती मिळूं शकते. चाचणी संमतीनें व्हावी आणि तिचा निकाल गुप्त राहावा, असें २०१७ च्या कायद्यानें बंधन घातलें आहे. गुप्तरोग बरे करण्याचीं व आवरण्याचीं औषधें आज उपलब्ध आहेत. दवडलेला वेळ परत आणण्याचें औषध नाहीं.

तेव्हां रात्रीं उशिरां दार वाजलें, आणि दारांत खालीं मान घालून मुलगा किंवा मुलगी उभी असली, तर त्या वेळीं स्वभाव, दारू आणि संगत यांचे निकाल देत बसूं नये. तिहींचा विचार दुसऱ्या दिवशीं करतां येईल. त्या रात्रीं घरानें एवढेंच विचारावें: "किती वेळ झाला? चल, दवाखान्यांत जाऊं." ज्या घरांत हें वाक्य ऐकूं येईल अशी मुलाची खात्री आहे, त्या घराकडे तें मूल संकटांत सांपडल्यावर परत येतें. ज्या घराविषयीं अशी खात्री नसते, तेथील मूल बाहेरच राहतें, आणि ७२ तास निघून जातात.